आजीला दार दिसते, चेहरा दिसत नाही : वाढत्या वयातील मॅक्युलाचा ऱ्हास

घरभर एकटी फिरणारी, उंबरठ्याला न अडखळणारी, दारातल्या मांजराला हुसकावणारी आजी समोर उभ्या नातवालाच विचारते, "कोण रे बाबा तू?" घरचे म्हणतात, म्हातारी सोंग करते. वस्तीत काम करताना हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. अशा वेळी एक आजार आठवायला हवा, कारण त्यात नेमके असेच घडते. त्याचे नाव वयोमानानुसार होणारा मॅक्युलाचा ऱ्हास, डॉक्टरांच्या कागदावर एएमडी.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला प्रकाश टिपणारा पडदा असतो. हा रेटिना, म्हणजेच दृष्टिपटल. त्याच्या मधोमध साधारण ५.५ मिलिमीटर व्यासाचा पिवळसर भाग म्हणजे मॅक्युला. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे, बसची पाटी पाहणे ही सारी बारीक कामे याच एवढ्याशा जागेवर चालतात. बाकीचा पडदा आजूबाजूचे भान देतो. या आजारात मधला भाग खराब होतो आणि कडेचा टिकतो. म्हणून आजीला दाराची चौकट समजते, पण जिकडे थेट बघावे तिथेच डाग येतो. केवळ या आजाराने सहसा पूर्ण अंधार होत नाही.

मोतीबिंदूशी याची गल्लत फार होते. मोतीबिंदू भिंगाचा, हा पडद्याचा. दोन्ही एकाच वयात येतात, कधी एकाच डोळ्यात. मोतीबिंदू काढल्यावरही नजर सुधारली नाही की "ऑपरेशन बिघडले" असे घरात ठरून जाते. काही वेळा दोष ऑपरेशनचा नसून मागच्या पडद्याचा असतो. शिबिर भरवणाऱ्या कार्यकर्त्यांनी म्हणूनच एक प्रश्न जरूर विचारावा : बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासणार आहात का?

पडद्यात होते काय? प्रकाश टिपणाऱ्या पेशी रोज आपली जुनी टोके टाकून देतात आणि त्यांच्या खालचा रंगद्रव्य पेशींचा थर तो कचरा गिळून पचवतो. वय वाढते तशी ही सफाई मंदावते. न पचलेला चरबीयुक्त गाळ थराखाली पिवळ्या ठिपक्यांच्या रूपात साठतो. त्याला ड्रुझेन म्हणतात. बारीक ठिपके अनेक वृद्धांत सापडतात, त्यांना घाबरू नये. १२५ मायक्रॉनहून मोठे ठिपके मात्र धोक्याची खूण आहेत. मंद उजेडात उपयोगी पडणाऱ्या रॉड पेशी आधी मरू लागतात. त्यामुळे उन्हातून घरात आल्यावर बराच वेळ काही न दिसणे ही तक्रार तक्त्यावरची अक्षरे पुसट होण्याच्या कितीतरी आधी येऊ शकते.

पुढे दोन वाटा आहेत. बहुसंख्य रुग्णांचा प्रकार 'कोरडा' असतो. त्यात पेशी वर्षानुवर्षे झिजतात आणि काहींच्या पडद्यावर नकाशातल्या प्रदेशांसारखे उजाड पट्टे पडतात. 'ओला' प्रकार कमी जणांना होतो, पण तो घात करतो. पडद्याखालून नाजूक रक्तवाहिन्या वर घुसतात, पाझरतात, फुटतात, शेवटी व्रण राहतो. नजर काही दिवसांत किंवा आठवड्यांत घसरते. पहिली खूण ठळक असते : सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. विजेचा खांब, फरशीची सांध, दाराची चौकट, सगळे लहरते.

हे घरीच ओळखता येते. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांच्या नावाची चौकटींची जाळी यासाठी वापरतात. ती नसेल तर मुलांची चौकटीची वही घ्या आणि मधोमध ठळक टिंब काढा. जवळचा चष्मा लावून, वही सुमारे ३० सेंटिमीटरवर धरून, एक डोळा झाकून टिंबाकडे पाहायला सांगा. मग दुसरा डोळा. रेषा वाकल्या किंवा मध्ये खड्डा दिसला, तर पुढच्या शिबिराची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात रेटिनाचा विभाग असलेले रुग्णालय गाठा. एकेक डोळा झाकणे यात महत्त्वाचे, कारण चांगला डोळा दुसऱ्याचे दुखणे महिनोन्महिने लपवून ठेवतो.

ओल्या प्रकारावर डोळ्यात इंजेक्शन देतात. रॅनिबिझुमॅबला अमेरिकेत २००६ साली मान्यता मिळाली. मूळचे कर्करोगावरचे बेव्हॅसिझुमॅब त्याच्या तुलनेत फार स्वस्त, आणि २०११ साली जाहीर झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दोघांनी नजर जवळपास सारखीच राखली. खर्चाचे ऐकून घरी परतू नये, डॉक्टरांना या पर्यायाबद्दल विचारावे. खरी अडचण पुढची आहे. इंजेक्शन एकदा घेऊन भागत नाही, सुरुवातीला महिन्याला एक असे घ्यावे लागते. दुसऱ्यानंतर थोडे बरे वाटते, मुलाची रजा संपते आणि तारीख चुकते. माझ्या मते कार्यकर्त्याची खरी गरज इथे आहे. सोबत जाणारा माणूस मिळाला तर उपचार टिकतो.

कोरड्या प्रकारात गमावलेली नजर परत आणणारा थेंब किंवा चूर्ण नाही. असे सांगून कुणी पैसे मागत असेल तर सावध राहा. मधल्या टप्प्यातील रुग्णांना जीवनसत्त्वे क आणि ई, जस्त, तांबे यांच्या ठरावीक मिश्रणाने आजार बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटतो, हे २००१ साली दिसले. निरोगी माणसाला त्याचा उपयोग नाही. बीटा कॅरोटीन असलेली जुनी गोळी धूम्रपान करणाऱ्यांनी टाळावी, तिने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. वय आणि आनुवंशिकता आपल्या हातात नाहीत, बिडी-सिगारेट आहे.

आणखी एक गोष्ट. अशा काही वृद्धांना नसलेली माणसे, मुले, नक्षी दिसतात. घरचे भगताकडे धावतात. पडद्याकडून पुरेसे संदेश न आल्याने मेंदू स्वतःच चित्रे तयार करतो. स्विस अभ्यासक शार्ल बोने यांनी आपल्या आजोबांना दिसणाऱ्या अशा चित्रांचे वर्णन १७६० साली केले, म्हणून ही अवस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. ही भुताटकी नाही, वेडही नाही. रुग्णाला शांतपणे तेवढे सांगितले तरी त्याची भीती बरीच कमी होते.

उरलेल्या नजरेने जगता येते. भरपूर उजेड, भिंग, मोबाइलवरची मोठी अक्षरे, किंचित तिरके पाहण्याचा सराव. दोन्ही डोळ्यांची नजर बरीच गेली असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्वासोबत अल्पदृष्टीचाही समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज भरून द्या, आणि तपासणीच्या दिवशी आजीसोबत जा.