फ्लॉपी राहिली, यंत्र गेले

दिवाळीची आवराआवर करताना आम्ही जुना संगणक भंगारात दिला आणि फ्लॉप्या मात्र जपून ठेवल्या. चूक नंतर लक्षात आली!

इंग्लंडमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडले. राजा विल्यमच्या आज्ञेने १०८६ साली झालेली जमिनींची पाहणी, ‘डूम्सडे बुक’, चर्मपत्रावर आहे. लॅटिन येणाऱ्याला ती आजही वाचता येते. तिच्या नवशताब्दीला, १९८६ मध्ये, बी.बी.सी.ने नवी नोंद केली. हजारो शाळांतील मुलांनी आपापल्या गावाची माहिती लिहिली. ती लेसर तबकड्यांवर साठवली गेली. पंधरा-सोळा वर्षांत त्या वाचणारी यंत्रेच दुर्मीळ झाली. तबकड्या शाबूत, पण मुक्या! अखेर २००२ च्या सुमारास लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनी जुन्या संगणकाची नक्कल करणारी आज्ञावली लिहून तो मजकूर सोडवला.

आमच्या अकरा फ्लॉप्या अजून कपाटात आहेत.