रंगाऱ्यांच्या रक्तात काय होतं?

मी सातवी-आठवीत असताना, म्हणजे १९८०च्या सुमारास, आमच्या खालाला क्षय झाला. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्या ती नेमानं घ्यायची. दोन-तीन महिन्यांत खोकला हटला, अंगावर मूठभर मांस चढलं. पण रात्री तिचे तळपाय पेटायचे, बोटांना मुंग्या यायच्या. शेजारच्या काकूंनाही तोच आजार, त्याच गोळ्या आणि तेवढ्याच. त्यांना मात्र काही म्हणता काही झालं नाही. खाला म्हणायची, ‘ज्याचं त्याचं नशीब.’ काकू म्हणायच्या, ‘व्यक्ती तितक्या प्रकृती.’ डॉक्टरांनी खालाला जीवनसत्त्वाची एक गोळी वाढवून दिली, पायांची आग शमली आणि वाद तिथंच राहिला.

पुढं बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं, की या वादाचा धागा थेट युरोपातल्या रंगाच्या कारखान्यांपर्यंत जातो. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचं क्विनीन प्रयोगशाळेत बनवायला गेला आणि त्याच्या हाती लागला जांभळा रंग. कोळशाच्या डांबरापासून रंग निघतो, हे जगाला कळलं. बघता बघता जर्मनीत मोठमोठे कारखाने उभे राहिले. मंजिष्ठाची मुळी आणि निळीची शेती मागं पडली. जगभरच्या बायकांची लुगडी, झगे, ओढण्या या नव्या रंगांनी उजळल्या. रंग कोण बनवतं, कशात हात घालून बनवतं, हे नेसणाऱ्याला कुठं दिसतं?

ते दिसलं फ्रँकफुर्टच्या एका शल्यविशारदाला. त्याचं नाव लुडविग रेन. (याच रेननं १८९६ साली भोसकल्या गेलेल्या माणसाच्या हृदयाला टाके घालून त्याला वाचवलं. त्याची ख्याती त्यासाठी. मला विचाराल तर त्याचं मोठं काम त्याच्या आदल्या वर्षाचं.) १८९५ मध्ये रेननं आपल्या व्यवसायबंधूंसमोर सांगितलं, की फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात कर्करोगाच्या गाठी सापडल्या आहेत. एरवी इतक्या लहानशा घोळक्यात हा रोग एकालाही दिसणं अवघड. रेननं बोट ठेवलं ते कारखान्यातल्या वाफांवर.

पण त्याच आकड्यात दुसरा प्रश्न दडलेला होता. तिघांना झाला, मग बेचाळिसांना का नाही? छप्पर तेच, वाफ तीच. तेव्हा याचं उत्तर कुणापाशी नव्हतं.

१९२१ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयानं अहवाल काढून अ‍ॅनिलीन कारखान्यांतल्या या कर्करोगाबद्दल बजावलं. बेन्झिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमीन या दोन द्रव्यांवर त्याचा रोख होता. तरीही उत्पादन चालूच राहिलं. अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीत विल्हेल्म ह्यूपर हा डॉक्टर नेमका याचा शोध घेत होता. १९३७ मध्ये त्याची नोकरी गेली. १९३८ मध्ये त्यानं निष्कर्ष प्रसिद्ध केला: बीटा-नॅफ्थिलअमीन दिलेल्या कुत्र्यांच्या मूत्राशयात गाठी झाल्या. गंमत अशी, की उंदीर-सशांना हेच द्रव्य देऊन मूत्राशयाचा रोग काही होत नव्हता. कुत्र्यांनाच का, हे कोडंही तसंच पडून राहिलं.

उत्तर आलं ते अगदी भलत्या दारातून, क्षयरोगाच्या वॉर्डातून.

१९५२ मध्ये आयसोनियाझिड हे औषध आलं. स्वस्त आणि गुणकारी. खालाच्या गोळ्यांत तेच होतं. लवकरच डॉक्टरांच्या लक्षात आलं, की काही रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात आणि त्यांच्या शरीरात औषध जास्त वेळ टिकून राहतं. १९६० मध्ये डेव्हिड प्राइस इव्हान्स, मॅन्ली आणि मकुसिक यांनी ५३ कुटुंबांतल्या माणसांना औषधाची एकेक मात्रा दिली आणि सहा तासांनी रक्त तपासलं. माणसांचे सरळ दोन गट पडले: एक औषध झपाट्यानं निकामी करणारा, दुसरा सावकाश. हा गुण आईबापांकडून मुलांत उतरत होता. आपल्याकडे मद्रासच्या क्षयरोग केंद्रानं १९६१ मध्ये दक्षिण भारतातल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. तिथं शंभरात साठाच्या आसपास माणसं ‘सावकाश’ गटातली निघाली. युरोपातही सुमारे निम्मी तशीच असतात. जपानमध्ये मात्र फार थोडी.

यामागं असतं यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम. त्याचं नाव नॅट-२. बाहेरून आलेल्या काही द्रव्यांना ते अ‍ॅसिटिल नावाचा छोटासा रेणू चिकटवतं. जकात नाक्यावर मालावर शिक्का मारून पुढं धाडावं, तसं. शिक्का बसला की बहुधा माल निरुपद्रवी होऊन लघवीवाटे निघून जातो. ज्यांच्या नाक्यावर कारकून संथ, त्यांच्याकडे माल तुंबतो. तुंबलेला माल मग शरीर दुसऱ्या वाटेनं काढू पाहतं आणि त्या वाटेवर बीटा-नॅफ्थिलअमीनसारख्या द्रव्याचं रूपांतर जास्त घातक पदार्थात होतं. तो मूत्राशयात उतरतो. लघवी तिथं तासन्‌तास साठून राहते आणि त्याला मूत्राशयाच्या अस्तराशी सलगी करायला पुरेसा वेळ मिळतो.

कुत्र्यांचं कोडंही इथंच सुटतं. अशा द्रव्यांवर हा शिक्का मारणारं विकर कुत्र्याच्या शरीरात नसतंच. ह्यूपरचे कुत्रे म्हणजे नाकाच नसलेलं गाव! उंदीर-सशांकडे कारकून जागेवर होता.

हे दोन धागे जुळले १९८२ मध्ये. इंग्लंडमधलं हडर्सफील्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं आणि रंगकारखान्यांचं गाव. तिथं कार्टराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्राशयाच्या कर्करोगाचे रुग्ण तपासले. त्यांतले २३ जण रंगाच्या धंद्यात काम केलेले होते. तेविसांपैकी बावीस ‘सावकाश’ गटातले निघाले. गावातल्या इतर माणसांत हे प्रमाण निम्म्याच्या थोडं वर होतं. रेनच्या बेचाळिसांचं कोडं, निदान काही अंशी, ८७ वर्षांनी सुटलं.

मित्रहो, विज्ञानाची गोष्ट इथं पुरी झाली असती. पण हा निकाल वाचताना माझ्या मनात पहिल्यांदा आला तो कारखान्याचा भरती-कारकून. रक्त तपासा, सावकाश गटातल्यांना दारातूनच परत पाठवा, बाकीच्यांना वाफेत उभं करा. ही कल्पना माझी नाही. जे. बी. एस. हाल्डेन, जे पुढं १९५७ मध्ये भारतात आले आणि इथलेच झाले, त्यांनी १९३८ मध्ये कुंभारकामातल्या छातीच्या विकाराबद्दल असंच काहीसं सुचवलं होतं. कारखान्यांतली आरोग्यव्यवस्था सुधारायला हवी, हे त्यांना मान्य होतं; पण मुळात नाजूक प्रकृतीच्या माणसांना त्या धंद्यात येऊच दिलं नाही तर मृत्यू टळतील, असा त्यांचा विचार. हाल्डेन कामगारांच्या बाजूचे होते, म्हणून तर हे वाचून मी जास्त दचकलो.

या वाटेत तीन मोठे खड्डे आहेत. एक म्हणजे मद्रासचा आकडा. निम्म्याहून अधिक माणसं ‘नाजूक’ ठरत असतील, तर त्यांना नाजूक म्हणायचं की माणूस म्हणायचं? दुसरा खड्डा इंग्लंडमधलाच. तिथल्या एका कारखान्यात बीटा-नॅफ्थिलअमीनचं ऊर्ध्वपातन करणाऱ्या, म्हणजे ते उकळून शुद्ध करणाऱ्या टोळीतल्या सगळ्याच्या सगळ्या माणसांना मूत्राशयाचा कर्करोग झाला. एकही सुटला नाही. त्यांत झपाट्याच्या गटातले नसतील, असं कसं म्हणावं? पूर आल्यावर नाक्यावरचा कारकून कितीही चपळ असला तरी काय करणार? १९५४ मध्ये केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनभरच्या रंगकामगारांचे दाखले तपासून दाखवलं, की या रोगानं मरण्याचा धोका त्यांना इतरांच्या सुमारे तीस पट आहे. बीटा-नॅफ्थिलअमीनचं उत्पादन तिथं १९४९ मध्ये थांबलं होतं. त्यावर कायद्यानं बंदी आली १९६७ मध्ये.

तिसरा खड्डा मला सगळ्यांत मोठा वाटतो. चीनमधल्या बेन्झिडीन हाताळणाऱ्या कामगारांची पाहणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथं ‘सावकाश’ गटाचा धोका वाढलेला दिसलाच नाही. २००६ मधल्या पुढच्या पाहणीत तर उलटा कल आढळला, सावकाश असणं तिथं जणू ढाल ठरत होतं. बेन्झिडीनच्या बाबतीत शिक्का बसलेला माल निरुपद्रवी होण्याऐवजी पुढच्या घातक रूपाकडे जाऊ शकतो. म्हणजे हडर्सफील्डच्या हिशेबानं ज्यांना आत घेतलं असतं, तेच बेन्झिडीनच्या हौदापाशी जास्त संकटात सापडले असते. आणि एकाच कारखान्यात ही दोन्ही द्रव्यं वापरात असत.

अमेरिकेनं २००८ मध्ये कायदा करून जनुकांच्या आधारे नोकरी नाकारायला मालकांना मनाई केली. भारत सरकारनं १९९३ मध्ये बेन्झिडीनवर आधारलेले ४२ रंग हाताळण्यावर बंदी घातली. त्या वेळी रेनच्या भाषणाला शंभर वर्षं व्हायला दोनच वर्षं बाकी होती.

रंगाचा कारखाना ज्यांनी जन्मात पाहिला नाही त्यांनाही ही द्रव्यं भेटतातच, कारण बीटा-नॅफ्थिलअमीन आणि त्याचं एक भावंड तंबाखूच्या धुरात असतं. स्पेनमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाची मोठी पाहणी झाली. २००५ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार सावकाश गटाचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट भरला आणि तो ओढणाऱ्यांमध्ये ठळक होता. माझे मामू दिवसाला दोन बंडलं विड्या ओढायचे. खाला त्यांची सख्खी बहीण, तेव्हा नाक्यावरचा कारकून दोघांचाही सारखाच संथ असण्याची शक्यता बरीच. कुणी तो तपासला नाही. मामूंच्या लघवीतून रक्त जायला लागलं तेव्हा घरात कुणाला विडी आठवली नाही. खालानं तिचं जुनंच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि या वेळी काकूंनीही वाद घातला नाही.