मोकळा घोडा कुणामागे धावतो?

कुपवाडच्या एका अंगाला सांगली, दुसऱ्या अंगाला मिरज. अठराव्या शतकात पेशव्यांनी पटवर्धनांना मिरजेचा सरंजाम दिला तो घोडदळ बाळगण्यासाठी. घोडा माणसामागे का चालतो, हा या मुलखात हौशीचा नव्हे, फौजेचा प्रश्न होता. आपलं ठरलेलं उत्तर म्हणजे घोड्याचं इमान. पण मराठी फौजेची घडणच त्याला छेद देते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. बारगिराला तो सरकारी पागेतून मिळे. बारगीर बदले, घोडं तेच राही. एकाच धन्यावर जीव जडल्याखेरीज घोडा चालत नसता, तर पागा चाललीच नसती. मग घोडा चालतो कशानं? कावा शिकवताना शिंगराला लांब दोरीवर गोल फिरवतात. दोर ताणतो, शिंगरू वळतं, त्याच क्षणी दोर सैल होतो. शिकवणारा ताण नव्हे, तो सैल होणं. हात उशिरा सैल करणाऱ्याचा घोडा तोंडाचा कठीण होतो, मग धनी कितीही मायाळू असो.

मोकळ्या घोड्याचं काय? तेही डोळ्यांसमोर आहे. अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व दरवर्षी मिरज-सांगलीवरून पायी आळंदीला जातात. पुढे वारीतल्या गोल रिंगणात एकावर स्वार असतो. दुसरा, ज्ञानेश्वर माउलींचा अश्व, मोकळा. भोवती टाळ-मृदंगाचा कल्लोळ, लाखोंची गर्दी, तरी तो सोबत्यालाच गाठायला धावतो. पाठीवर माउली असतात, ही वारकऱ्यांची श्रद्धा. तिला इथे धक्का लागत नाही. कळपातल्या जनावराला सोबत हाच आसरा, एवढंच पायांवरून वाचता येतं.

मग माणूस घोड्याच्या कळपातला म्होरक्या ठरतो, असं कुणी म्हणेल. परदेशी अश्वशिक्षक हेच सांगत आले. 2012 साली सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसाऐवजी रिमोटवरची खेळण्यातली गाडी रिंगणात सोडली. घोडा तिच्याकडे वळला की ती थांबे. घोडे तिच्याकडेही येऊ लागले; तिचं थांबणं म्हणजे दोर सैल होणंच. गाडीला कोण म्होरक्या मानणार?

तर मग खरारा, चंदी, मोतद्दाराची रोजची सोबत फुकट का? मुळीच नाही. चिपळूणच्या लष्कराला शिवाजी महाराजांनी पत्रातून बजावलं होतं, की दाणावैरण आताच उधळाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. उपाशी, पाठ सोललेल्या घोड्याला दोर सैल झाला तरी सुटका कसली? ताण त्याच्या अंगातच असतो.