बत्तिसांतले एक मत

पुण्याच्या मंडईची दगडी इमारत 5 ऑक्टोबर 1886 रोजी खुली झाली आणि तिला नाव मिळाले ते मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे, रे मार्केट. त्याआधी शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. ही इमारत आज ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत असताना तिच्या बांधणीला विरोध केला होता. इतका पैसा दगडचुन्यात घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वेळी सहसभासद हरि रावजी चिपळूणकर त्यांच्या बाजूने होते. त्याआधी 1880 साली मात्र फुल्यांना एकही सोबती मिळाला नव्हता. व्हाइसरॉयच्या पुणेभेटीनिमित्त शहर सजवायला एक हजार रुपये मंजूर करावेत, असा ठराव आला, तेव्हा बत्तीस सभासदांपैकी विरोधात एकच मत पडले, ते फुल्यांचे. बाकीच्या एकतीस जणांना ती सजावट मनापासून हवी होती का? माझ्या मते नाही. सभेतले एकमत हा पटल्याचा पुरावा नसतो. पुष्कळदा ते एकटे पडण्याच्या भीतीचे मोजमाप असते.

या भीतीचे सर्वांत नेमके मोजमाप सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1951 च्या सुमारास अमेरिकेत केले. तीन रेघांपैकी कोणती रेघ समोरच्या नमुन्याएवढी आहे, एवढेच विद्यार्थ्यांना सांगायचे होते. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसत होते. पण खोलीतल्या बाकीच्यांना आधीच पढवून ठेवले होते आणि ते एकसुरात चुकीचे उत्तर देत. अशा वेळी खऱ्या विद्यार्थ्यांची सुमारे एक तृतीयांश उत्तरे घोळक्यासारखीच चुकली, आणि सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थी एकदाही नमले नाहीत. पुढचा निष्कर्ष त्याहून मोलाचा आहे. बरोबर उत्तर देणारा एकच सोबती बसवला की चुका एकदम घसरत, आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहू दिले तरी दडपण बरेच उतरे. म्हणजे त्या माणसांना रेघ दिसत होती. दिसलेले चारचौघांत बोलणे त्यांना जड जात होते. मॉर्टन डॉइच आणि हॅरल्ड जेरार्ड यांनी 1955 मध्ये या वागण्याची दोन कारणे वेगळी केली. एक, इतक्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल हा समज. दुसरे, आपल्याला वाळीत टाकतील ही धास्ती.

फुल्यांच्या घरात या धास्तीने काय केले, ते सर्वज्ञात आहे. वडील गोविंदराव फुलांचा आणि भाजीपाल्याचा व्यवसाय करत. मुलाला त्यांनी हौसेने शाळेत घातले, पण शिकून मुलगा बिघडेल असे भोवतालचे लोक म्हणू लागताच काढूनही घेतले. गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोघा शेजाऱ्यांनी समजावले, तेव्हा 1841 मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. 1848 साली त्यांनी बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्याच वडिलांनी समाजाच्या दबावाखाली मुलाला आणि सुनेला घराबाहेर पडायला सांगितले. गोविंदराव दुष्ट नव्हते. ज्या पेठेत धंदा करायचा आणि ज्या जातीत सोयरिकी जुळवायच्या, तिच्याशी वैर त्यांना परवडणारे नव्हते. जातपंचायतीच्या काळात वाळीत पडणे म्हणजे पाणी, विवाह आणि अंत्यविधी या सगळ्यांना मुकणे. समूहापुढे झुकणाऱ्याला भित्रा म्हणणे सोपे आहे, पण त्याने झुकताना कोणती किंमत वाचवली, ते आधी पाहिले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, नगरपालिकेचे ते सभासद सरकारनियुक्त होते. सरकारची मर्जी राखण्याला समूहाचे दडपण कशाला म्हणायचे? आक्षेप रास्त आहे, सत्तेचा धाक तेथे होताच. पण तोच धाक फुल्यांवरही होता, कारण तेही नियुक्तच होते. शिवाय बहुमतात लपलेल्या माणसाला आपल्या मताचे उत्तर एकट्याने द्यावे लागत नाही, म्हणून सत्तेचे काम घोळका अधिक सोपे करतो. दुसरा आक्षेप असा, की ॲशचे विद्यार्थी एका विशिष्ट देशकाळातले होते. 1980 मध्ये इंग्लंडमध्ये पेरिन आणि स्पेन्सर यांनी हाच प्रयोग केला, तेव्हा जवळजवळ कोणीच नमले नाही. मला यातून आशा वाटते. झुकणे रक्तातून आलेले नसून परिस्थितीतून आलेले असेल, तर परिस्थिती बदलता येते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सगळ्यांनी एका रीतीने वागण्यावाचून शहर चालेल कसे? गणेशविसर्जनाची मिरवणूक मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघते. आधी कसबा गणपती, मग तांबडी जोगेश्वरी, हा मानाच्या गणपतींचा क्रम सगळे पाळतात म्हणूनच ती पुढे सरकते. ते मला मान्य आहे. मंडईच्या इमारतीबाबतही पुढच्या पिढ्यांना बहुमताचा निर्णय उपयोगी पडला; ऊनपावसात बसणाऱ्या विक्रेत्यांना छप्पर मिळाले. एकटा माणूस नेहमी बरोबर असतो, असा माझा दावा नाहीच. पण त्याच्या विरोधामुळे बहुमताला आपली कारणे सांगावी लागतात, आणि शाळा की इमारत हा प्रश्न निदान सभेपुढे येतो.

एकटे मत टिकते ते कसे, याचे उत्तरही फुल्यांच्या चरित्रात आहे. सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारखे मित्र त्यांनी जोडले आणि 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापून वेगळे मत असलेल्यांना स्वतःचा समूह दिला. लहानसा गटही आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला, तर बहुमताला हलवू शकतो, असे मानसशास्त्रज्ञ सर्ज मॉस्कोविसी यांच्या 1969 च्या प्रयोगात दिसले. पुण्यात त्याला वेळ लागला. फुल्यांचा पुतळा उभारावा, हा केशवराव जेधे यांचा 1925 सालचा प्रस्ताव नगरपालिकेच्या बहुमताने नाकारला. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली.

नावाची पाटी लावली की ऋण फिटत नाही. गृहनिर्माण सोसायटीची सभा असो, गणेश मंडळाची वर्गणी असो, शाळेची समिती असो, हात वर करायला सांगण्याआधी प्रत्येकाला आपले मत चिठ्ठीवर लिहू द्या. ‘विरोधात कोण?’ हा प्रश्न घाईने उरकू नका, आणि विरोधी मत कारणासह इतिवृत्तात नोंदवा. आणि सभेत एखादा एकटाच उभा राहिला व त्याचे म्हणणे तुम्हाला पटत असेल, तर सभा संपल्यावर त्याची पाठ थोपटू नका. सभा चालू असतानाच त्याच्या बाजूने बोला.