तांब्याचे कडे (आरोग्यविषयक समजूत)

सांधेदुखी कमी व्हावी म्हणून मनगटात घालतात ते तांब्याचे, बहुधा टोके उघडी असलेले कडे. याच हेतूने तांब्याची अंगठीही वापरली जाते. ज्योतिषात तांबे हा रवीचा धातू मानतात. त्यामुळे अंगठी घालणाऱ्यांचा हेतू पुष्कळदा वेगळा असतो. येथे विचार फक्त आरोग्याचा.

घामात तांबे विरघळते, कातडीतून शरीरात मुरते आणि सांध्यांची सूज उतरते, असे सांगितले जाते. यातला पहिला भाग खरा आहे. घामामुळे तांब्याचे क्षार तयार होतात आणि मनगटावर हिरवट डाग पडतो. पुढचे मात्र जुळत नाही. प्रौढ माणसाला रोज सुमारे १ ते २ मिलिग्रॅम तांबे लागते आणि ते डाळी, तीळ, शेंगदाणे यांतून सहज मिळते. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या संधिवातात तर रक्तातले तांबे वाढलेले आढळते. त्यावर पूर्वी सर्रास दिले जाणारे पेनिसिलामाइन हे औषध शरीरातले तांबे बांधून लघवीवाटे बाहेर टाकते. तांबे कमी पडल्यामुळे सांधे धरतात, या म्हणण्याला म्हणूनच आधार उरत नाही.

ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी ही समजूत नीट तपासली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे ७० रुग्ण होते. प्रत्येकाने तांब्याचे कडे, चुंबकीय पट्टा आणि चुंबकत्व नसल्यात जमा असलेले पट्टे आळीपाळीने पाच-पाच आठवडे वापरले. वेदना, सूज, रोगाचा जोर यांपैकी कशातही कड्यामुळे लक्षणीय फरक पडला नाही. त्याआधी, २००९ मध्ये, सांध्यांची झीज झालेल्या ४५ जणांवरील चाचणीचा निष्कर्षही असाच होता.

तरीही ‘मला गुण आला’ असे सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. सांधेदुखी चढत-उतरत असते. कडे घेतले जाते ते दुखणे असह्य झाल्यावर, आणि त्यानंतरचा उतार कड्याच्या नावावर जमा होतो. विश्वासानेही वेदना काही काळ सुसह्य होते.

तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील जंतू मरतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण त्याचा दाखला कड्याला लागू होत नाही.

कड्याचा हिरवट डाग धुऊन जातो. क्वचित पुरळ उठते. खरा धोका उपचार लांबण्याचा आहे, कारण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. सांधे सुजत असतील, सकाळी बोटे बराच वेळ आखडून राहत असतील, तर कडे हवे तर हातात असू द्यावे, पण डॉक्टरांना लगेच दाखवावे.