मत्स्यालयाचा पुनरारंभ

खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय फुटलें म्हणजे मालकाला प्रथम हळहळ वाटते ती कांचेची आणि मेलेल्या माशांची. कांच पैसे टाकून मिळते, मासेहि मिळतात. परंतु त्या पात्रांत आणखी एक तिसरी वस्ती नांदत होती. ती डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून तिची आठवणहि होत नाहीं. तिची ओळख पटावयास शास्त्रज्ञांना सुमारें चाळीस वर्षें लागलीं.

१८५० सालीं लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं आपला एक प्रयोग विद्वानांपुढें मांडला. गोड्या पाण्याच्या पात्रांत त्यांनीं सोनेरी मासे व पाणवनस्पति ठेविल्या होत्या. वनस्पतींनीं प्राणवायु द्यावा व माशांनीं तो घ्यावा, असा हिशेब होता. परंतु पानें कुजूं लागलीं आणि पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यांनीं पात्रांत गोगलगाई सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाल्लीं आणि पाणी निवळलें. बिघडलेला संसार सावरला तो झाडलोट करणाऱ्या जीवानें, हें या प्रयोगाचें मर्म होय. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें आणि सागरी जीव घरीं पाळण्याची हौस वाढली.

खरे झाडूवाले मात्र गोगलगाईहूनहि सूक्ष्म होते. माशांच्या मलमूत्रांतून अमोनिया हें विष पाण्यांत सांचतें. १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनीं दाखविलें कीं, एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करितात आणि दुसऱ्या जातीचे त्याचें नायट्रेट करितात. नायट्राइटहि माशांना घातकच असतें. नायट्रेट त्या मानानें पुष्कळच सौम्य असतें. हे जंतु दगडांवर व वाळूच्या कणांवर वस्ती करितात.

म्हणूनच पात्र फुटलें असतां शहाणा मनुष्य प्रथम जुने दगड व वाळू वांचवितो. तीं तो खाऱ्या पाण्यांतच बुडवून ठेवितो आणि त्यांत हवा खेळती राखतो. नळाच्या गोड्या पाण्यानें तीं धुतलीं तर उरलेसुरले जंतुहि मरतात. पुढें नव्या पात्रांत दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम क्षार असलेलें पाणी भरून कांहीं आठवडे थांबावें लागतें. अमोनिया व नायट्राइट हीं दोन्ही तपासणींत दिसेनाशीं झालीं, म्हणजे मग एखादा काटक मासा सोडावा.

मुंबईंत १९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें. त्याच्या सुमारें ८ लाख रुपये खर्चांत २ लाखांची देणगी तारापोरवाला यांची होती. पुढें नूतनीकरणासाठीं बंद राहून तें २०१५ च्या मार्चमध्यें पुन्हां उघडलें. अशा वेळीं इमारत नवी करणें हें गवंड्याचें काम, परंतु पाणी मुरविणें हें काळाचें काम असतें.

हाच धडा खाडीपलीकडे नवी मुंबईंत कांचेवांचून मिळाला. १९७० नंतर खाडीकांठच्या खारजमिनींवर हें शहर वाढलें. तेथें नेरूळला सुमारें ३० एकरांचें एक तळें असून तें डी. पी. एस. तळें या नांवानें ओळखलें जातें. भरतीनें ताजें खारें पाणी आणावें व ओहोटीनें सांचलेलें न्यावें, हीच त्याची झाडलोट. कोंकणांतील शेतकरी खारबंधाऱ्याची उघाडी बुजूं देत नाहीं, कारण पाण्याच्या वाटेवरच त्याचें शेत जगतें. २०२४ सालीं तळ्याच्या या वाटा अडल्या, पाणी आटलें आणि परिसरांत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, मृत व जखमी आढळले. एप्रिल २०२५ मध्यें राज्य वन्यजीव मंडळानें या तळ्यास संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास संमति दिली.

संमति म्हणजे पाणी नव्हे. तळें पुन्हां नांदावयाचें तर आधीं भरती आंत आली पाहिजे, मग चिखलांत जंतु, शेवाळ व बारीक जीव वाढले पाहिजेत. रोहित हा सर्वांत शेवटचा पाहुणा होय. घरच्या पात्रांत हा क्रम चुकला तर मासे पुन्हां विकत आणतां येतात. रोहित पक्षी मात्र कोणत्याहि बाजारांत मिळत नाहींत.