स्वच्छ ट्रकचा हप्ता कोणी भरायचा?

कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या शेजारी बंदरांनी १ ऑक्टोबर २००८ पासून १९८९ पूर्वीच्या ट्रकना प्रवेशबंदी केली. २०१२ पर्यंत २००७ च्या प्रदूषण निकषांत न बसणारे सगळे ट्रक बाद झाले. डिझेलचा धूर झपाट्याने घटला.

पण नवा ट्रक एक लाख डॉलरच्या घरात. आणि इथले बहुतेक चालक कागदोपत्री ‘स्वतंत्र ठेकेदार’, म्हणजे पैसे खेपेनुसार. ट्रक, डिझेल, विमा स्वतःच्या खिशातून. म्हणून चालकांना टप्प्याटप्प्याने कंपनीचे कर्मचारी करण्याची अट लॉस एंजेलिसने घातली. लाँग बीचने ती घातलीच नाही. ट्रक कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. मालवाहतुकीचे दर आणि सेवा यांत स्थानिक संस्थांनी हस्तक्षेप करण्याला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. त्याच आधारावर अपील न्यायालयाने २०११ मध्ये ही अट रद्द केली.

धुराचा नियम राहिला, नोकरीचा गेला. अनेक कंपन्यांनी ट्रक चालकांनाच भाडे-खरेदीवर दिले आणि हप्ते कमाईतून कापले. काहींच्या हाती आठवड्याअखेर जवळपास काहीच उरत नसे. काम सुटलं की ट्रकही जायचा आणि भरलेले हप्तेही.

कर्मचारी कोण आणि ठेकेदार कोण, याची कडक कसोटी लावणारा ‘एबी ५’ कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केला. ट्रक व्यवसायाला तो लागू व्हायला २०२२ उजाडलं.